मधुमेह, रक्तदाब, हाडांची गोळी आणि हलणारे दात: शरीराचे आजार तोंडात कसे दिसतात

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आईंचे वय 58 आहे, मधुमेह दहा-बारा वर्षांपासून आहे, रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू आहे, हाडे ठिसूळ झाल्यामुळे आठवड्यातून एकदा ॲलेंड्रोनेटची गोळी आहे, आणि पायांची आग होते म्हणून अलीकडे रात्री ॲमिट्रिप्टिलिन सुरू झाले आहे. दिवसातून दोनदा ब्रश करूनही वर्षभरात हिरड्या सुजल्या, खालचे पुढचे दोन दात हलू लागले आणि तोंडाला सतत कोरड पडते. दात काढून टाकावेत म्हणून आपण दंतवैद्यांकडे गेलात, तर त्यांनी आधी तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पाहायला मागितल्या. घरच्यांना हा वेळकाढूपणा वाटतो आहे आणि या सगळ्याचा दातांशी खरोखर संबंध आहे का, असे आपण विचारले आहे.

संबंध आहे, आणि तो एका बाजूने नसून तीन-चार बाजूंनी आहे. दंतवैद्यांनी जे मागितले ते मागितले नसते, तर मला काळजी वाटली असती. आईंच्या तोंडात आज जे दिसते आहे त्यातले किती मधुमेहामुळे, किती रक्तदाबाच्या गोळीमुळे आणि किती कोरडेपणामुळे, हे वेगवेगळे ओळखावे लागते, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. दात काढण्याच्या निर्णयावर तर त्या आठवड्याच्या गोळीचाही प्रभाव पडतो.

मधुमेहापासून सुरुवात करतो, कारण तोंडावर सर्वांत खोल परिणाम त्याचाच होतो. हिरड्यांचा आजार मधुमेहामुळे सुरू होत नाही. तो दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरामुळे सुरू होतो, आणि हा थर प्रत्येकाच्या तोंडात तयार होत असतो. फरक पडतो तो शरीर त्या थराला कसे उत्तर देते यात. रक्तातली साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वेळेवर पोहोचत नाहीत आणि पोहोचल्या तरी त्यांचा मारा कमी पडतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. साखर प्रथिनांना चिकटून जी संयुगे तयार होतात ती ऊतींमध्ये साठून दाह धगधगता ठेवतात. आणि हिरडीला ताठपणा देणारे कोलॅजन तयार होण्यापेक्षा मोडण्याचा वेग वाढतो. म्हणजे एकीकडे संरक्षण ढिले पडते आणि दुसरीकडे सूज गरजेपेक्षा जास्त काळ टिकते. या सुजेच्या ओघातच दाताभोवतीचे हाड झिजते.

हे हाड झिजणे दुखत नाही, हीच यातली अडचण आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली साधारण 1 ते 3 मिलिमीटर भरते. आजार वाढला की ती 5, 6, कधी 8 मिलिमीटरपर्यंत जाते आणि तिला आम्ही पॉकेट म्हणतो. ब्रशचे केस जेमतेम मिलिमीटरभर आत जातात, त्यामुळे त्याखालचे कीटण आणि जंतू घरी कितीही घासले तरी निघत नाहीत. आई मनापासून दोनदा ब्रश करत असतील यात मला शंका नाही. पण पॉकेट खोल झाल्यावर ब्रशची पोच संपते आणि त्या भागाची सफाई दंतवैद्यांनीच करावी लागते. दात हलू लागणे ही या प्रक्रियेची सुरुवात नसून बरीच पुढची पायरी आहे. वर्षभरात हे घडले असे वाटत असले, तरी हाडाची झीज त्याच्या कितीतरी आधीपासून चालू असावी.

अनियंत्रित मधुमेहाच्या काही खुणा अनुभवी नजरेला आरशाशिवायही दिसतात. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी हिरडीला पुवाच्या गाठी येणे, एक बसली की दुसरीकडे उठणे. हिरडी लालभडक, मऊ आणि बोट लावताच रक्त येणारी असणे. जिभेवर किंवा कवळीखाली बुरशीचे पांढरे वा लाल चट्टे येणे. ओठांचे कोपरे फाटून भरून न येणे. जिभेची विनाकारण जळजळ होणे. दात काढल्यानंतरची जखम भरायला लागणारा जास्तीचा वेळ हेही याच चित्रातले. मधुमेह आहे हे माहीत नसलेल्या व्यक्तीला केवळ अशा हिरड्या पाहून साखर तपासायला पाठवावे लागते, आणि अशा वेळी रिपोर्ट बहुधा शंका खरी ठरवणारा येतो.

हे नाते इतके ठळक आहे की 1993 साली हाराल्ड लोए या संशोधकांनी हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. आधीच्या पाच म्हणजे डोळे, मूत्रपिंड, नसा, रक्तवाहिन्या आणि जखमा न भरणे. आणि हे नाते उलटही चालते. हिरड्यांमध्ये सतत चाललेला दाह रक्तात अशी द्रव्ये सोडत राहतो की ज्यांमुळे शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो आणि साखर आवरायला जड जाते. हिरड्यांवर खोलवर सफाईचा उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट, सरासरीने 0.3 ते 0.4 टक्क्यांनी उतरते, असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर आढळले आहे. हा आकडा छोटा वाटेल, पण मधुमेहाच्या औषधात आणखी एक गोळी जोडल्यावर मिळणाऱ्या लाभाच्या तो बराच जवळ जातो. तथापि यावरून कोणी मधुमेहाचे औषध कमी करण्याचे स्वप्न दाखवत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: ज्यांची साखर उत्तम नियंत्रणात आहे त्यांच्या हिरड्यांना असलेला धोका मधुमेह नसलेल्यांपेक्षा फारसा जास्त नसतो. म्हणूनच दंतवैद्यांना ‘मधुमेह आहे’ एवढी माहिती पुरत नाही. तीन महिन्यांची सरासरी 7 च्या आसपास आहे की 10 च्या, यावर त्यांचे पुढचे पाऊल ठरते.

आता हिरड्यांच्या सुजेकडे दुसऱ्या बाजूने पाहू. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः निफेडिपिन आणि त्याच कुळातले ॲम्लोडिपिन, काही थोड्या रुग्णांत हिरडी वाढवतात. ही वाढ मधुमेहाच्या सुजेपेक्षा निराळी दिसते. ती दोन दातांमधल्या त्रिकोणी टोकापासून सुरू होते, बहुधा पुढच्या दातांजवळ आधी दिसते, हाताला घट्ट लागते, रंग फारसा लाल नसतो आणि पुढे ती दाताचा काही भाग झाकू लागते. अपस्मारावरचे फेनिटॉइन घेणाऱ्यांत हे जवळपास निम्म्या जणांना होते; अवयवरोपणानंतरच्या सायक्लोस्पोरिननेही होते. आईंच्या बाबतीत दोन्ही सुजा एकत्र असणे अगदी शक्य आहे, कारण जिथे जंतूंचा थर जास्त तिथे औषधाने होणारी वाढही जास्त. त्यामुळे क्रम असा असतो: आधी सफाई, मग काही आठवड्यांनी पुन्हा पाहणी, आणि तरीही घट्ट वाढ उरली तर फिजिशियनला पत्र लिहून दुसऱ्या गटातली गोळी देता येईल का याची विचारणा. गोळी बदलल्यावर हिरडी अनेकदा काही महिन्यांत आपोआप ओसरते. न ओसरल्यास जास्तीचा भाग छाटता येतो. घरच्या घरी ॲम्लोडिपिन बंद करून पाहण्याचा प्रयोग मात्र कृपा करून करू नये. हिरडीची वाढ कोणाचा जीव घेत नाही. अचानक चढलेला रक्तदाब घेऊ शकतो.

तोंडाच्या कोरडेपणाची तक्रार रुग्ण शेवटी, जाता जाता सांगतात, आणि माझ्या मते तीच अनेकदा सर्वांत महत्त्वाची असते. निरोगी माणसाला दिवसभरात अर्धा ते एक लिटरच्या आसपास लाळ सुटते. ती अन्नाचे कण धुते, जंतूंनी तयार केलेले आम्ल निवळवते, आणि दाताच्या पृष्ठभागातून सुटून गेलेले कॅल्शियम व फॉस्फेट परत भरून देते. दाताचे वरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेल्यावर विरघळू लागते. पण हिरडी खाली सरकून उघडी पडलेली मुळे त्याआधीच, 6.2 ते 6.7 च्या दरम्यान विरघळू लागतात. म्हणजे ज्या व्यक्तीच्या हिरड्या खाली सरकल्या आहेत आणि लाळ आटली आहे, तिच्या दातांना मुळाशी कीड लागायला फार काही लागत नाही. ही कीड दाताच्या माथ्यावर न दिसता हिरडीलगत तपकिरी पट्ट्यासारखी गोल फिरते, आणि एके दिवशी वरून धडधाकट दिसणारा दात हिरडीच्या रेषेवर मोडून हातात येतो.

आईंच्या कोरडेपणाला निदान दोन कारणे दिसतात. वाढलेली साखर आणि त्यामुळे वारंवार होणारी लघवी हे एक. ॲमिट्रिप्टिलिन हे दुसरे. नसांच्या वेदनेवर ते उपयोगी औषध आहे, पण लाळ आटवण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. मनोविकारांवरची कित्येक औषधे, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मूत्राशय आवरण्याच्या गोळ्या या सगळ्यांचा हाच दोष आहे, आणि एकेकटी सौम्य वाटणारी अशी तीन औषधे एकत्र आली की तोंड वाळवंट होते. कोरड कधी सुरू झाली आणि ही गोळी कधी सुरू झाली, या दोन तारखा जुळवून पाहा आणि त्या डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करणे, वेळ बदलणे किंवा दुसरे औषध देणे यांपैकी काहीतरी सहसा करता येते. तोंडाबरोबर डोळेही कोरडे पडत असतील, त्यात वाळू गेल्यासारखे टोचत असेल, आणि कानाखालच्या लाळग्रंथी सुजत असतील, तर स्योग्रेन नावाचा एक स्वप्रतिकारक आजार असतो, त्याच्याही तपासण्या कराव्यात. मधल्या काळात पाण्याचे घोट वारंवार घ्यावेत, बिनसाखरेचे च्युइंगगम चघळावे आणि झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासून फक्त थुंकावे, खळखळून चूळ भरू नये, कारण रात्री लाळ जवळजवळ सुटतच नाही आणि दातांवर राहिलेले फ्लोराइड तेवढाच आधार असतो. नेहमीच्या पेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण 1000 ते 1500 पीपीएम असते; मुळांना कीड लागत असेल तर दंतवैद्य 5000 पीपीएमची पेस्ट लिहून देऊ शकतात. कोरड घालवण्यासाठी आंबटगोड गोळ्या चोखत राहणे हा उपाय नसून दातांवर दुहेरी मार आहे.

मान आणि डोक्याच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्यांत हाच कोरडेपणा सर्वांत उग्र रूपात दिसतो, कारण किरणांच्या मार्गात आलेल्या लाळग्रंथी कायमच्या दुबळ्या होतात. त्यांच्या जबड्याचे हाडही रक्तपुरवठा कमी झाल्यामुळे जखमा भरून काढत नाही, आणि ही स्थिती वर्षानुवर्षे राहते. म्हणून वाचवता न येणारे दात किरणोपचार सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी काढून घेतात. आपल्या परिचयात कोणाचे असे उपचार ठरत असतील, तर दंततपासणी उपचारांनंतर नव्हे, आधी करावी एवढे त्यांना जरूर सांगा. केमोथेरपीत अडचण वेगळी असते. तिथे तोंडाच्या आतल्या आवरणाची सालपटे निघून फोड येतात आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट उतरलेल्या काळात साधे स्केलिंगही धोक्याचे ठरते, त्यामुळे रक्ताचे आकडे पाहूनच तारीख ठरवावी लागते.

आता ती आठवड्याची गोळी. ॲलेंड्रोनेट आणि त्याच्या गटातली औषधे हाड मोडणाऱ्या पेशींना थोपवतात, त्यामुळे मणके आणि मांडीचे हाड मोडण्याचा धोका उतरतो. पण जुने हाड काढून नवे घालण्याचे काम जबड्यात सतत आणि वेगाने चालते, आणि दात काढल्यावर उरलेला खड्डा भरण्यासाठी त्याची नितांत गरज असते. हे काम मंदावले तर क्वचित खड्डा भरत नाही, हाड उघडे पडते आणि मरते. 2003 मध्ये रॉबर्ट मार्क्स या शल्यविशारदांनी असे रुग्ण प्रथम नोंदवले. औषध घेतलेल्या आणि जबड्यावर किरणोपचार न झालेल्या व्यक्तीत उघडे हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ दिसत राहिले, तर हे निदान करतात. येथे प्रमाणाचे भान ठेवणे फार आवश्यक आहे. कर्करोग हाडात पसरल्यावर शिरेतून मोठ्या मात्रेत याच गटातले झोलेड्रोनिक ॲसिड घेणाऱ्यांत हा धोका खरोखर लक्षणीय असतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी तोंडाने गोळी घेणाऱ्यांत तो दहा हजारांत मोजक्या जणांपुरता असतो. त्यामुळे आईंचा दात कधीच काढता येणार नाही असे मुळीच नाही. मात्र गोळी किती वर्षे चालू आहे, सोबत स्टेरॉइड आहे का, साखर किती आहे, हे सगळे पाहून, तोंड आधी स्वच्छ करून, कमीत कमी इजा करत दात काढावा लागतो. हे औषध हाडात वर्षानुवर्षे साठून राहते, म्हणून दात काढण्याच्या आदल्या आठवड्यात गोळी चुकवून काही साधत नाही. हाडांच्या ठिसूळपणावरचे डेनोसुमॅब मात्र असे हाडात साठून राहत नाही, म्हणून त्याचे सहामाही इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर ते स्वतःहून पुढे ढकलूच नये. त्याचा परिणाम ओसरताच हाड वेगाने झिजते आणि मणके मोडण्याची भीती असते.

गोळ्यांच्या यादीत रक्त पातळ करणारे औषध असेल तर नातेवाईक ते दात काढण्याआधी पाच दिवस बंद करून येतात, आणि हा सल्ला त्यांना शेजारपाजारी नेहमी मिळतो. एका दाताच्या जखमेतले रक्त टाके घालून, जाळी भरून, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दाबून थांबवता येते. स्टेंटमध्ये किंवा मेंदूत झालेली गुठळी अशी हाताने थांबवता येत नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल साध्या दंतोपचारासाठी बंद करत नाहीत. वॉरफरिन चालू असल्यास आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) ताजी पाहतात आणि ती साधारण 3.5 च्या आत असेल तर काम करतात. याहून सूक्ष्म धोका असा की वॉरफरिन घेणाऱ्यास दातासाठी मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक दिले, किंवा तोंडातल्या बुरशीवर मायकोनॅझोलचे जेल लावायला दिले, तर आयएनआर चढून शरीरात कुठेही रक्तस्राव होऊ शकतो. तोंडात लावायचे साधे जेल एवढे करू शकते यावर रुग्णांचा विश्वास बसत नाही. गोळ्यांची पाकिटे प्रत्यक्ष आणून दाखवा असे आम्ही म्हणतो ते यासाठीच, कारण ‘रक्तदाबाची एक आणि हृदयाची एक’ या वर्णनातून काहीच उमगत नाही.

हृदयाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वेळोवेळी विचारली जाते: दातांच्या उपचारांपूर्वी प्रतिजैविक घ्यावे का? 2007 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ही शिफारस बरीच आवळून घेतली आणि आता ती कृत्रिम झडप बसवलेले, पूर्वी हृदयाच्या आतील आवरणाचा जंतुसंसर्ग होऊन गेलेले आणि काही विशिष्ट जन्मजात हृदयदोष असलेले अशा थोड्यांपुरतीच आहे. त्यांना हिरडीला हात लावाव्या लागणाऱ्या उपचाराच्या अर्धा ते एक तास आधी, ॲलर्जी नसल्यास, 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन एकदाच देतात. केवळ स्टेंट बसवला आहे किंवा बायपास झाली आहे म्हणून याची गरज नसते.

दात आणि हृदयविकार यांच्या नात्याविषयी मात्र जरा सबुरीने बोलावे असे माझे मत आहे. हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो हे खरे. पण धूम्रपान, मधुमेह, वाढते वय अशी दोन्हींची कारणे समान आहेत, आणि हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकाराचे झटके टळतात असे अद्याप सिद्ध झालेले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक दुखण्याचे मूळ दातांत आहे अशा समजुतीची लाट आली होती आणि तीत असंख्य माणसांचे चांगले दात उपटले गेले. त्या टोकाला पुन्हा जायचे कारण नाही.

आईंशी थेट संबंध नसलेल्या, पण आपल्याला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी आता भराभर सांगतो. वरच्या पुढच्या दातांची मागची, टाळूकडची बाजू गुळगुळीत होऊन झिजली असेल आणि जुने फिलिंग दातापेक्षा उंच राहिल्यासारखे दिसत असेल, तर पोटातले आम्ल रात्री घशाशी येते आहे किंवा वारंवार उलट्या होत आहेत असे समजावे. अशा वेळी उलटीनंतर लगेच ब्रश करू नये. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबावे, नाहीतर आम्लाने मऊ झालेले इनॅमल ब्रशने खरवडले जाते. गर्भारपणात हिरड्या सहज सुजतात आणि रक्त येते, ते संप्रेरकांमुळे सुजेला मिळणाऱ्या जोरामुळे. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते ही समजूत निराधार आहे, आणि त्या काळात दंतोपचार टाळावेत हीसुद्धा. जीभ गुळगुळीत, लाल आणि झोंबणारी झाली असेल तर लोह किंवा बी-12 कमी असण्याचा विचार करावा. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरली नाही तर टाळूवर बुरशी वाढते. मूत्रपिंडे निकामी होत आली की श्वासाला अमोनियाचा दर्प येतो. डायलिसिसच्या रुग्णांचे दात डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी काढतात, कारण तोवर त्यात दिलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचा अंमल उतरलेला असतो. लहानपणी मोठे आजारपण झाले असेल, तर त्या सुमारास घडत असलेल्या दातांवर आडवी खाच किंवा पांढरट-तपकिरी पट्टा उमटतो. तयार झालेले इनॅमल शरीर पुन्हा दुरुस्त करत नाही, त्यामुळे पट्टा कोणत्या दातावर आणि किती उंचीवर आहे यावरून आजारपणाच्या वेळचे वयसुद्धा बरेच अचूक सांगता येते.

एका गोष्टीवर मात्र थोडे थांबतो. काही आठवड्यांत अचानक सगळ्याच हिरड्या फुगून फिकट किंवा निळसर झाल्या, कुठेही न लागता रक्त येऊ लागले, सोबत ताप, थकवा आणि अंगावर काळेनिळे डाग असतील, तर स्केलिंगची वेळ न घेता त्याच दिवशी रक्ताची साधी तपासणी करावी. रक्ताच्या काही कर्करोगांची पहिली तक्रार हिरडीचीच असते. तसेच तोंडातला कोणताही व्रण कारण दूर केल्यावरही दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर मलम बदलत न बसता त्याचा तुकडा तपासून घ्यावा. उलट, काही दुखणी दातांत वाटतात आणि दातांची नसतात. चालताना किंवा जिना चढताना खालच्या जबड्यात येणारी आणि बसल्यावर थांबणारी कळ हृदयाची असू शकते. मधुमेहींत छातीत दुखल्याशिवायही हृदयविकाराचा झटका येतो, म्हणून त्यांच्याबाबत अधिक सावध राहावे. वाकल्यावर वरच्या सगळ्या दाढा एकदम ठणकत असतील तर सायनस पाहावा. गालाला वारा लागताच काही सेकंद विजेसारखी सणक येत असेल तर ते चेहऱ्याच्या नसेचे दुखणे आहे, आणि त्यासाठी एकामागून एक दाढा काढून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत.

हातांचा विचारही करावा लागतो. सांधेदुखीने बोटे वाकली असतील, अर्धांगवायू झाला असेल किंवा कंप असेल, तर दोनदा ब्रश केल्याचा अर्थ दात स्वच्छ झाले असा होत नाही. जाड मुठीचा किंवा विजेवर चालणारा ब्रश अशा वेळी पुष्कळ काम करतो. आईंची बोटे कशी आहेत ते आपण लिहिलेले नाही. त्या ब्रश करत असताना एकदा शेजारी उभे राहून पाहा. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू बहुतेकांकडून सुटते, आणि कीटण सर्वाधिक तिथेच जमते.

आता प्रत्यक्ष काय करावे. एचबीएवनसी, गोळ्यांची सर्व पाकिटे, आणि ॲलेंड्रोनेट कोणत्या वर्षी सुरू झाले त्याची नोंद घेऊन त्याच दंतवैद्यांकडे परत जा. साखर फार वाढलेली निघाली, तर दात काढण्याचे ठरवलेले काम काही आठवडे थांबवता येते; पण पू झाला असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा सूज मानेकडे उतरत असेल, तर साखर कितीही असली तरी उपचार लगेच करावे लागतात, कारण हा जंतुसंसर्गच साखर चढवत असतो. या दरम्यान दुखले म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःहून देऊ नका. त्यांनी रक्तदाब चढतो आणि मधुमेहाने आधीच ताण सोसणाऱ्या मूत्रपिंडांवर भार येतो. यकृत ठीक असेल तर योग्य मात्रेत पॅरासिटामॉल तुलनेने निर्धोक आहे. भेटीची वेळ सकाळची घ्या, आणि आईंनी नेहमीचा नाश्ता व गोळ्या घेऊनच जावे. ‘दात काढायचा आहे’ म्हणून उपाशी जाऊन खुर्चीत साखर उतरण्याचे प्रसंग अकारण घडतात.

त्यानंतर बहुधा एक-दोन बैठकांत, हिरडी बधिर करून, पॉकेटच्या तळापर्यंत सफाई करतील. त्यामुळे दात सैल झाले अशी तक्रार काही दिवस वाटेल. खरे तर सूज उतरून आणि दातांना जखडून धरलेले कीटण निघून त्यांची मूळची हालचाल जाणवू लागलेली असते. झिजलेले हाड या सफाईने पूर्ववत होत नाही, पण उरलेल्या हाडाची पकड घट्ट होते आणि हलणे अनेकदा कमी होते. ते दोन दात फार हलत असतील तर शेजारच्या दातांना तारेने किंवा फिलिंगच्या साहित्याने जोडून आधार देता येतो. सहा ते आठ आठवड्यांनी पॉकेटची खोली पुन्हा मोजतात. जिथे ती 4 मिलिमीटरच्या आत आली आणि रक्त थांबले तिथे दात राखतात, जिथे आली नाही तिथे पुढची शस्त्रक्रिया किंवा दात काढणे यांचा विचार करतात. पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी ठेवावी लागेल. साखरेचा रिपोर्टही त्याच अंतराने होत असल्यामुळे दोन्ही एकाच आठवड्यात उरकणे सोयीचे पडते, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे आकडे ताजे मिळतात.